वाट शोधणे आणि वाट घडवणे

१

एखाद्या यशस्वी कलाकृतीचा उत्तरभाग रचणे हा मोठा जोखमीचा व्यवहार आहे. पहिल्या कृतीने रसिकाच्या मनात ज्या अपेक्षा निर्माण करून ठेवलेल्या असतात त्या जशाच्या तशा पुरवाव्यात, तर पुनरुक्तीचा दोष पदरी येतो. त्या मोडाव्यात, तर रसिक आपली फसवणूक झाली असे म्हणतो. कादंबरीकार निदान नवी पात्रे आणि नवे प्रसंग यांचा आश्रय घेऊ शकतो. परंतु ज्या कृतीचा मुख्य आशयच एखादा प्रदेश हा आहे, आणि त्या प्रदेशात प्रथम पाऊल टाकताना वाटणारा विस्मय हाच जिचा प्राण आहे, तिचा उत्तरभाग संभवावा तरी कसा? एकदा पायाखाली घातलेली भूमी पुन्हा अनोळखी कशी व्हावी?

हा प्रश्न ज्या दोन कृतींनी माझ्यापुढे उभा केला त्या कादंबऱ्या नव्हेत. ते व्हिडिओ गेम आहेत. वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकात खेळांची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर एवढेच की, ज्या कृतीला स्वतःचा घाट आहे, जी विशिष्ट प्रकारचा अनुभव देण्यासाठी जाणीवपूर्वक रचलेली आहे, आणि जिच्या रचनेतील गुणदोषांची कारणे सांगता येतात, ती समीक्षेचा विषय होऊ शकते. तिचे माध्यम शब्द आहे की हालचाल आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

'द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा खेळ निन्टेन्डो या जपानी कंपनीने मार्च २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचा उत्तरभाग 'टिअर्स ऑफ द किंगडम' १२ मे २०२३ रोजी आला. दोहोंचे दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी आणि दोहोंचे निर्माते एइजी आओनुमा. दोहोंतही नायक तोच, लिंक नावाचा अबोल तरुण. आणि राज्यही तेच, हायरूल. सहा वर्षांच्या अंतराने आलेल्या या उत्तरभागाने नवा देश निर्माण केला नाही. तेच डोंगर, त्याच नद्या, तीच खेडी घेऊन तो आला. 'जुनाच नकाशा पुन्हा विकायला काढला' असा आक्षेप त्यावर काहींनी घेतला. तो आक्षेप वरवरचा आहे असे मला वाटते. नकाशा जुना असला तरी त्यावर चालण्याची रीत या खेळाने मुळापासून बदलली आहे. आणि रीत बदलल्यामुळे प्रदेशही बदलला आहे. मात्र या बदलात काही हाती आले तसे काही सुटलेही. त्या दोहोंचा हिशेब मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

२

प्रथम पूर्वभागाविषयी. या मालिकेचा मूळ खेळ १९८६ सालचा. त्याचे एक जनक शिगेरू मियामोटो यांनी क्योटोजवळच्या सोनोबे या गावाच्या परिसरात बालपणी केलेल्या भटकंतीत त्या कल्पनेचे मूळ असल्याचे सांगितले आहे. म्हणजे कोणत्याही मार्गदर्शकावाचून हिंडावे आणि अवचित काही गवसावे, हा अनुभव या मालिकेच्या जन्मापासूनच तिच्याशी निगडित आहे. परंतु तो अनुभव पूर्ण सामर्थ्याने व्यक्त झाला तो २०१७ मध्ये.

'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'चा नायक शंभर वर्षांच्या निद्रेतून जागा होतो, एका गुहेतून बाहेर येतो, आणि कड्याच्या टोकावर उभा राहून समोर पसरलेले राज्य पाहतो. दूरवर दिसणारे जवळजवळ प्रत्येक शिखर गाठता येते, आणि जवळजवळ प्रत्येक कडा हातापायांनी चढता येतो. पण चढण्याला दम लागतो. पडद्यावर एक हिरवे वर्तुळ दिसते. चढता चढता ते रिकामे होत जाते, आणि शिखर हातभर राहिले असताना संपले, तर नायक खाली कोसळतो. पाऊस आला की दगड निसरडा होतो आणि चढलेले अंतर घसरून वाया जाते. बर्फाच्या प्रदेशात ऊबदार कपडे किंवा तिखट अन्न यावाचून निभाव लागत नाही. सारांश, या खेळात अंतराला किंमत आहे, आणि ती किंमत देहाने मोजावयाची आहे.

भूमीची रचनाही या तत्त्वाला धरूनच झालेली आहे. फुजिबायाशी यांनी आपल्या क्योटो शहराचा नकाशा या काल्पनिक राज्यावर ठेवून अंतरांचा अंदाज घेतला, असे सांगितले जाते. स्वतःच्या पायांना परिचित असलेली अंतरे त्यांनी प्रमाण मानली. २०१७ मध्ये जपानमधील खेळनिर्मात्यांच्या परिषदेत या चमूने आपले आणखी एक तत्त्व उलगडून दाखविले. भूमीवरचे उंचवटे त्रिकोणाच्या आकाराचे ठेवावयाचे, म्हणजे त्यांच्यामागे काहीतरी झाकले जाते, आणि ते ओलांडून जावे की वळसा घालून, हा निर्णय प्रवाशाला घ्यावा लागतो. हायरूलमध्ये पावलोपावली जी उत्कंठा जाणवते ती या साध्या भूमितीतून आलेली आहे. राज्यातील पंधरा मनोऱ्यांपैकी एखादा चढून गेले की त्या भागाचा नकाशा उघडतो. तथापि तो डोंगर आणि नद्या तेवढ्या दाखवितो. पाहण्यासारखे काय आहे ते सांगत नाही. ते मनोऱ्यावर उभे राहून आपल्याच डोळ्यांनी हेरावे लागते. नकाशा सरकारी आणि खुणा आपल्या, अशी ही वाटणी आहे.

येथे शोधणे म्हणजे वाट शोधणे. वाट भूमीतच दडलेली असते आणि तिच्याशी झगडत ती हुडकावी लागते.

३

उत्तरभागाच्या प्रारंभी एक उत्पात घडतो. राजवाडा जमिनीपासून उचलला जातो, आकाशात बेटे प्रकट होतात, आणि भूमीला ठिकठिकाणी खोल विवरे पडतात. जेथे एक पृष्ठभाग होता तेथे आता आकाश, भूतल आणि पाताळ असे तीन थर झाले. ही केवळ संख्येची वाढ असती तर तिचे विशेष कौतुक करण्याचे कारण नव्हते. पण या तीन थरांमध्ये जे नाते आहे ते विचार करण्यासारखे आहे.

पाताळाचेच उदाहरण घेऊ. एखाद्या विवराच्या काठावरून नायक उडी टाकतो, आणि बराच वेळ पडत राहिल्यावर तो अशा काळोखात पोचतो की जेथे चार पावलांपलीकडचे दिसत नाही. प्रकाश देणारी बीजे पुढे फेकीत, त्या उजेडाच्या तुकड्या-तुकड्यांतून वाट काढावयाची. त्या प्रदेशात प्रकाशमुळे नावाचे प्रचंड वृक्षाकार स्तंभ आहेत. ते जागे केले की आसपासचा परिसर उजळतो आणि नकाशावर उमटतो. कितीतरी तास या अंधारात चाचपडल्यानंतर एके दिवशी खेळणाऱ्याच्या ध्यानात येते की, प्रत्येक प्रकाशमूळ भूतलावरील एखाद्या मंदिराच्या नेमके खाली आहे. मग पुढचे कळते : वर जेथे डोंगर तेथे खाली दरी, वर जेथे दरी तेथे खाली डोंगर, आणि वर जेथे नदी वा सरोवर, तेथे खाली ओलांडता न येणारी भिंत. पाताळ हे भूतलाचे उलटे प्रतिबिंब आहे.

हा साक्षात्कार मला या संपूर्ण खेळातील सर्वांत सुंदर क्षण वाटतो, कारण तो कोणी सांगत नाही, तो घडतो. ज्याने पूर्वभागात हायरूल पायांनी तुडविले आहे त्याचे ते सारे ज्ञान येथे अकस्मात उपयोगी पडते. ओळखीचा नकाशा हा अनोळखी नकाशाची किल्ली ठरतो. आरंभी विचारलेल्या प्रश्नाला खेळाने येथे आपल्यापुरते उत्तर दिले आहे : जुने ज्ञान पुसून टाकण्याऐवजी त्याने ते उलटे करून वापरावयास लावले. मर्ढेकरांनी लयीचे जे तीन प्रकार मानले त्यांपैकी विरोधलय आणि समतोललय एकाच रचनेत कशा नांदू शकतात, याचे हे थर म्हणजे बोलके उदाहरण आहे. वर विरळ, उजळ, वाऱ्याने भरलेले आकाश. खाली दाट, मुका अंधार. आणि त्या दोहोंच्या मध्ये माणसांची वस्ती.

४

तथापि थरांहूनही महत्त्वाचा बदल संचाराच्या साधनांत झाला आहे. नायकाच्या उजव्या हातात नव्या शक्ती येतात. त्यांतील तिघींचा संचाराशी साक्षात संबंध आहे.

पहिली 'असेंड'. डोक्यावर छत असेल, मग ते गुहेचे असो की डोंगराच्या पोटाचे, नायक त्यातून वर पोहत जातो आणि माथ्यावरच्या जमिनीतून डोके बाहेर काढतो. बाहेर येण्यापूर्वी क्षणभर थांबून चहूकडे पाहण्याची मुभा असते. ही शक्ती मुळात निर्मात्यांनी स्वतःच्या सोयीसाठी केलेली होती : गुहांची तपासणी करताना पुन्हा तोंडापर्यंत चालत येण्याचा कंटाळा टाळावा म्हणून. तीच पुढे खेळणाऱ्याच्या हाती देण्यात आली. सोयीतून निघालेली गोष्ट क्वचितच इतकी अर्थपूर्ण ठरते. पूर्वभागात डोक्यावर आलेला कडा म्हणजे अडथळा होता, कारण तो हाताने धरता येत नसे. आता तोच जिना झाला. परिणाम असा की खेळणाऱ्याची दृष्टी बदलते. डोंगराच्या पायथ्याशी आल्यावर तो चढ पाहावयाचे सोडून छत पाहू लागतो.

दुसरी 'रिकॉल'. एखाद्या वस्तूचा काळ उलटा फिरविण्याची ही शक्ती आहे. आकाशातील बेटांवरून अधूनमधून प्रचंड शिळा भूतलावर कोसळतात. अशा पडलेल्या शिळेवर उभे राहून तिचा काळ उलटा केला, की ती आल्या वाटेने वर जाऊ लागते आणि आपल्याला घेऊन जाते. जी गोष्ट केवळ संकट म्हणून अंगावर आली तिच्यातच वाहन दडलेले होते, हे पहिल्यांदा उमगते तेव्हा खेळणारा स्वतःशीच हसतो.

तिसरी, आणि परिणामाने सर्वांत दूरगामी, 'अल्ट्राहँड'. ओंडके, फळ्या, चाके, पंखे, पंख, सुकाणू अशा सुट्या वस्तू उचलून एकमेकींना चिकटवाव्यात आणि त्यांतून तराफा, गाडी, पूल किंवा विमान घडवावे. त्यांतील यंत्रे चालविण्यास ऊर्जेचा साठा लागतो आणि तो संपला की ती थांबतात. हे सारे विश्वसनीय व्हावे यासाठी निर्मात्यांनी पत्करलेला मार्ग खडतर होता. जगातील हलणाऱ्या यच्चयावत वस्तू भौतिक नियमांनीच हलल्या पाहिजेत, अपवाद नको, असा त्यांचा निर्णय होता. २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत त्यांनी त्याची हकीकत सांगितली. म्हणूनच एक चाक वाकडे बसले तर गाडी वाकडी जाते, आणि पंखा मध्यभागी नसला तर विमान एका अंगाला कलते. अपयशाचे कारण नेहमी आपल्या कारागिरीत सापडते. खेळाच्या लहरीत नाही.

आता शोधणे म्हणजे वाट घडवणे झाले. दरी आडवी आली, तर प्रश्न 'पलीकडे कोठून जाता येईल' हा न राहता 'येथे काय पडलेले आहे आणि त्याचे काय करता येईल' असा होतो. दमाच्या वर्तुळाची जागा ऊर्जेच्या साठ्याने घेतली, देहाच्या मर्यादेची जागा कल्पकतेच्या मर्यादेने. हे खरे नवनिर्माण आहे. केवळ वेगवान घोडा किंवा उंच उडी देऊन निर्मात्यांना वेळ मारून नेता आली असती. त्यांनी संचाराची व्याख्याच बदलली.

ही नवी व्याख्या जेथे स्थळाशी एकजीव होते तेथे खेळ फार उंचीवर जातो. रिटो नावाच्या पक्षिजनांच्या गावावर हिमवादळ कोसळलेले असते, आणि त्याचे मूळ शोधण्यासाठी त्या वादळातूनच वर वर जावे लागते. प्रथम तुटक बेटे, नंतर हवेत तरंगणारी जहाजे. त्यांच्या ताणलेल्या पृष्ठांवरून उसळी घ्यावी, पॅराग्लायडर उघडावा, सोबतच्या लहानग्या पक्ष्याच्या वाऱ्याने पुढे सरकावे, आणि पुन्हा उसळी. संगीत पायरीपायरीने चढत जाते. शेवटी वादळाच्या माथ्यावर पोचावे आणि मध्यभागी दिसणाऱ्या पोकळीत सरळ सूर मारावा. ही सगळी चढण एकही शब्द न बोलता कथानक सांगते. येथे उंची मिळवावी लागते, म्हणून ती जाणवते.

५

आता सुटलेल्या गोष्टीकडे वळतो.

खेळ प्रसिद्ध झाल्यावर थोड्याच काळात खेळणाऱ्यांना एक शोध लागला : दोन पंखे आणि मध्ये एक सुकाणू, एवढ्यावर उत्तम उडते वाहन तयार होते. निर्मात्यांनी दिलेले तयार पंख थोड्याच वेळात विरून नाहीसे होतात. उघडच आहे की, आकाशातील संचाराला आवर घालण्याची त्यांची इच्छा होती. पण पंखे तसे विरत नाहीत. त्यात एकदा घडविलेली वस्तू पुन्हा आपोआप जुळवून देणारी आणखी एक शक्ती पाताळात मिळते. ती हाती आली की घडविण्याचाही प्रश्न उरत नाही. बटण दाबावे आणि उडावे. पाऊस, कडा, दरी, थंडीची वाट, ज्यांच्याशी झगडून पूर्वभागातील प्रत्येक टेकडी आपली झाली होती, ती सारी खाली राहतात.

मीही असाच उडत होतो, हे कबूल केले पाहिजे. पूर्वभागाची नोंद त्याच यंत्रात असली, तर त्यात पाळलेले घोडे उत्तरभागाच्या तबेल्यात आपली वाट पाहत असतात, अशी एक हृद्य योजना निर्मात्यांनी केली आहे. माझा तांबूस घोडा असा पहिल्याच तबेल्यात मला भेटला. फार आनंद झाला. त्यानंतर खेळाचे अनेक आठवडे गेले आणि एके दिवशी माझ्या लक्षात आले की, त्या भेटीनंतर मी त्याला एकदाही बाहेर काढलेले नाही.

हा दोष खेळणाऱ्याचा की खेळाचा? 'कोणी उडावयास सांगितले होते?' असा युक्तिवाद होऊ शकतो, आणि स्वातंत्र्य हेच या खेळाचे ब्रीद असल्याने तो पुरता डावलता येत नाही. तरीही मला तो मान्य नाही. कलाकृती ज्या सोयी पुढे करते त्यांच्यामधून ती रसिकाची वृत्ती घडवीत असते. आणि सुलभ मार्ग हाताशी असता मुद्दाम अवघड मार्गाने जाण्याची जबाबदारी रसिकावर टाकणे, म्हणजे रचनेने आपले काम त्याच्यावर ढकलणे होय. पूर्वभागात अवघड मार्ग हाच अटळ मार्ग होता. म्हणून तेथला विस्मय कोणाला स्वतःहून जोपासावा लागला नाही.

येथे एक भेद मात्र केला पाहिजे. पाताळात उडते वाहन असूनही विस्मय बराचसा टिकून राहतो, कारण तेथे अंतराऐवजी अंधार अडवितो. उडणाऱ्यालाही बीजे टाकीतच जावे लागते. आकाशातील बेटांवर तो अंशतः टिकतो, कारण ती विखुरलेली आहेत. सर्वाधिक हानी झाली ती मधल्या थराची, म्हणजे नेमकी त्या भूमीची की जिच्यावर माणसे राहतात. ॲडिसन नावाचा एक मनुष्य हायरूलच्या रस्त्यांवर जागोजाग भेटतो. आपले अध्यक्ष हडसन यांची तसबीर असलेला फलक दोन्ही हातांनी सावरीत तो उभा असतो. शेजारी पडलेल्या लाकडांचा टेकू देऊन तो फलक उभा करावा, अशी त्याची अपेक्षा. प्रत्येक फलकाचा तोल निराळा आणि प्रत्येक टेकूची युक्ती निराळी. निष्ठावंत सेवकाचे इतके प्रेमळ विडंबन मी अन्यत्र पाहिलेले नाही. घडविण्याची सगळी विद्या येथे दुसऱ्याच्या उपयोगी पडते. पण हा मनुष्य रस्त्याने जाणाऱ्यालाच भेटतो. वरून जाणाऱ्याला तो ठिपक्याएवढाही दिसत नाही.

६

या मासिकाच्या वाचकांपैकी बहुतेकांनी बदलीचा अनुभव घेतलेला आहे. ज्या गावी एकदा तीन वर्षे काढली तेथेच पुन्हा नेमणूक व्हावी, तसा काहीसा हा उत्तरभाग आहे. रस्ते ओळखीचे, माणसांपैकी काहींना आपली आठवण, काहींना मुळीच नाही. आणि आपण मात्र आता वरच्या जागेवर, हाताशी वाहन असलेले. पहिल्या खेपेला सायकलवरून हिंडताना कोणत्या वळणावर कोणाचे दुकान आहे हे कळले होते. दुसऱ्या खेपेला गाव लवकर ओलांडता येते, पण त्या वेगात नवे दुकान कोठे निघाले ते कळत नाही. गाव खोटे झालेले नसते. आपण त्याच्याशी असलेले एक नाते बदललेले असते, आणि त्याची भरपाई दुसऱ्या एखाद्या नात्याने होते किंवा होत नाही, हे आपल्या वागण्यावर अवलंबून राहते.

'टिअर्स ऑफ द किंगडम' ही पूर्वभागापेक्षा अधिक समृद्ध आणि अधिक कल्पक कृती आहे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. एकाच भूमीतून दुसरी भूमी काढून दाखविण्याचा तिचा पराक्रम असामान्य आहे. परंतु ती अधिक एकसंध कृती आहे असे मला म्हणता येत नाही. पूर्वभागात साधन आणि साध्य एक होते : चढणे हेच पाहणे होते. उत्तरभागात साधन इतके समर्थ झाले की काही वेळा त्याने साध्यालाच मागे टाकले. जेथे स्थळ घडविण्यास भाग पाडते तेथे हा खेळ आपल्या पूर्वजाला मागे टाकतो. जेथे घडविलेली वस्तू स्थळालाच अनावश्यक करते तेथे तो त्याच्याहून उणा पडतो. वाट घडविण्याचा आनंद मोठा आहे, यात शंका नाही. पण शोधलेली वाट ज्या भूमीची असते त्या भूमीशी आपला परिचय होतो. घडविलेल्या वाटेने तसा तो होईलच असे नाही.

हा निष्कर्ष लिहून झाल्यावर मी पुन्हा एकदा तबेल्यातून तो तांबूस घोडा काढला आणि राज्याच्या मध्यातून निघून जुळ्या शिखरांमधल्या घळीने पूर्वेकडे, हातेनो गावापर्यंत गेलो. उडत गेलो असतो तर काही मिनिटांचे काम होते. घोड्यावरून सगळी संध्याकाळ लागली, कारण वाटेत पाऊस आला, एका गुहेत आडोशाला थांबलो, आणि दोन ठिकाणी ॲडिसनच्या फलकाला टेकू द्यावा लागला. त्यांतील दुसरा फलक मला काही केल्या उभा करता आला नाही. उद्या पुन्हा त्याच रस्त्याने जाणार आहे.